टेपातले अब्बा

मैमुनाला गेल्या कित्येक वर्षांत कुणी रडताना पाहिलं नाही, असं मोहल्ल्यातल्या बायका म्हणायच्या, आणि वर कौतुकानं जोडायच्या, "मोठ्या धीराची बाई." धीर कसला आलाय! ज्याला आत काहीतरी होतं त्यानं ते दाबून धरलं तर त्याला धीर म्हणावं. मैमुनाला आत काही व्हायचंच बंद झालं होतं. पण लोकांचं काय, चार माणसांत डोळ्याला पदर लागला नाही की झाली बाई धीराची.

तिचं सासर खाडीपलीकडच्या मोहल्ल्यात, रत्नागिरीच्या एस्टी स्टँडवरून तासाभराच्या वाटेवर. माहेर लांज्याचं. दहावी झालेली, मराठी शाळेत शिकलेली, अक्षर मोत्यासारखं. चौऱ्याण्णव सालच्या अखेरीस नासिरशी निकाह झाला तेव्हा नासिर दम्मामला वेल्डरचं काम करत होता. लग्नापुरता आला, मेंदी फिकी व्हायच्या आत परत गेला. यात नवल काही नाही. त्या मोहल्ल्यात घराघरातला एक पुरुष आखातात आणि दुसरा बोटीवर. घरात राहतात त्या बायका, म्हातारी आणि कोंबड्या.

पत्रं फारशी कुणी लिहीत नसे. सासूला वाचता येत नव्हतं, आणि दुसऱ्यानं वाचून दाखवलेल्या पत्रात मुलगा कुठे सापडतो? म्हणून कॅसेट. जुम्म्याच्या दिवशी दुपारचं जेवण आटोपलं की माजघरात टेप मांडायचा, त्याच्यापुढे सगळ्यांनी बसायचं आणि कॅसेट भरायची. सासू बोलायची, नणंद बोलायची, शेजारीण आपल्याही मुलाला चार शब्द सांग म्हणून मध्येच तोंड घालायची, मागे कोंबडा आरवायचा. मग ती कॅसेट दम्मामला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती द्यायची. जाणारा मिळेपर्यंत पंधरा दिवस, महिना जायचा. तिकडून उत्तर यायला तेवढेच. दुधाची तहान ताकावर, पण ताक तरी मिळत होतं.

पंचाण्णव सालच्या पावसाळ्यात मैमुनाला मुलगा झाला आणि आठवड्याच्या आत गेला. ताप आला, खाडीला उधाण, होडी निघेना, सकाळी निघाली तेव्हा उशीर झालेला. मैमुना रडली. त्या दिवसांत ती इतकी रडली की सासूनंही तिला जवळ घेतलं, आणि सासू काही लाड करणाऱ्यांतली नव्हती. नासिरला कळवायचं ते सासूनं कॅसेटमध्ये कळवलं. कॅसेट गेली. नासिरची कॅसेट परत आली तोवर दोन अडीच महिने उलटले होते. तोवर मैमुनाचे डोळे सुकले होते, ती उठून कामाला लागली होती, भात रांधत होती, मासे साफ करत होती. आणि एका जुम्म्याला सगळ्या घरादारासमोर टेप लागला आणि त्यातून नासिर हंबरडा फोडून रडू लागला. वरातीमागून घोडं म्हणतात ते असं. बायका पुन्हा नव्यानं रडल्या. मैमुना भिंतीला टेकून बसली होती. तिला वाटलं, आता आपल्यालाही रडू यायला हवं. आलं नाही. त्या दिवशी जे बंद झालं ते झालंच.

वर्षअखेरीस नासिर सुट्टीवर आला. दोघं एका खोलीत राहिली, पण त्या बाळाचा विषय त्यानं काढला नाही आणि तिनंही. त्याचं रडून झालं होतं, तिचंही झालं होतं, फक्त एकत्र झालं नव्हतं. तो परत गेला आणि शहाण्णवच्या श्रावणात निदा झाली. कॅसेटमध्ये आता मैमुना बोलायची ते एवढंच: तब्येत बरी आहे, मुलगी बरी आहे, काळजी नसावी. पुढे पुढे तेही सासूच बोलू लागली.

अठ्ठ्याण्णवला नासिर यायचा होता. त्याची कंपनी बुडाली, पासपोर्ट मालकाकडे अडकला, दुसरीकडे काम मिळालं ते सुट्टी न घेण्याच्या बोलीवर. म्हणजे निदानं बाप पाहिलाच नाही. फोटो दाखवावा तर घरात फोटो लावायची पद्धत नव्हती. नमाज पढायची खोली तीच बसायची खोली, तिथे कुणाची तसबीर कशी लावणार? लग्नाचा एक फोटो पेटीत होता, त्यात नासिरच्या तोंडावर सेहरा. फुलंच फुलं, नाकाचा शेंडाही दिसत नाही.

मग पोरीला बाप कसा कळावा? सासूनं आपल्या परीनं सोय केली. कॅसेट आली की ती हाक मारायची, "निदा, अब्बा आले गो!" टेपापुढे बसवून सलाम करायला लावायची. टेप बंद करून त्यावर विणलेला रुमाल टाकला की म्हणायची, अब्बा झोपले, आता आवाज करू नको. म्हातारीचं काही चुकलं असं कुणी म्हणणार नाही. मोहल्ल्यात सगळ्याच आज्या असंच म्हणत. पोरगीही शहाणी, रुमालाच्या बाजूनं पाय न वाजवता जायची.

याच सुमारास मोहल्ल्यात अंगणवाडी आली आणि दहावी झालेली म्हणून मैमुना सेविका झाली. मदतनीस म्हणून वरच्या वाडीतली विमला. दोघींचं जमलं, कारण विमला दोघींच्या वाटचं बोलायची. मैमुना पोरांना अंक म्हणून घ्यायची, गाणी म्हणून घ्यायची, खिचडी वाढायची, वजन करायची. सगळं नीट, सगळं वेळेवर, आणि चेहऱ्यावर काही नाही. पोरं तिला घाबरत नव्हती, पण कुणी तिच्या मांडीवरही जाऊन बसत नव्हतं.

मग रत्नागिरीत सेविकांचं प्रशिक्षण झालं. एक वयस्कर बाई आल्या होत्या. त्यांनी पहिल्या दिवशी सगळ्या सेविकांना मातीचे गोळे दिले आणि म्हणाल्या, मळा. सेविका पदर तोंडाला लावून हसल्या. बाई म्हणाल्या, लहान मुलाच्या हातात आधी पेन्सिल देऊ नका, आधी माती द्या, बोटांत जोर येऊ दे. रेघोट्या मारू दे. ती रेघोटी म्हणजे त्याचं पहिलं लिहिणं. जे बोलता येत नाही तेही तो काढून दाखवतो. आणि एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली: हे काय काढलंस, असं मुलाला विचारायचं नाही. मला याच्याबद्दल सांग, असं म्हणायचं. मुलाच्या हातातला रंग घेऊन आपण काढून द्यायचं नाही. मैमुनानं हे सगळं ऐकलं, आणि सांगितलं होतं म्हणून परत येऊन तसंच केलं. तिला त्यात कळवळा वगैरे नव्हता, खरं तेच सांगते. सांगितलेलं काम ती करायची, बस.

कागद कुठून आणणार? आखातातून येणाऱ्या खोक्यांचे पुठ्ठे होते, जुन्या कॅलेंडरांच्या पाठी होत्या. रंगाला जांभ्या दगडाचे तुकडे, चुलीतला कोळसा, हळद. कोब्याच्या जमिनीवर पोरं लाल रेघा ओढायची, दुपारी विमला पाण्यानं धुवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा. आया भांडायला आल्या. पोराला अक्षर शिकवायचं सोडून चिखलात काय बसवता? चिखल काय घरी नाही? एका आजोबांनी सांगून पाठवलं की माणसांची चित्रं काढू देऊ नका, होड्या काढा, मासे काढा. विमलानं निरोप आणणाऱ्याला पोरांनी काढलेली माणसं दाखवली. बटाट्याला चार काड्या. हा माणूस आहे असं ज्याला वाटेल त्याला आधी चष्मा लावायला हवा. निरोप्या हसून गेला, आणि तो विषय तिथंच राहिला.

पण मोहल्ला बघत होता. तहा नावाचा एक मुलगा होता, मच्छीमाराचा, साडेतीन वर्षांचा, बोलायचा नाही, चावायचा. त्याच्या हातात मातीचा गोळा दिला तसा तो महिनाभर नुसता गोळा आपटत राहिला. मग त्याचे साप झाले. मग एक दिवस त्यानं मातीची होडी केली, मैमुनाच्या पायाशी आणून ठेवली, आणि मैमुनानं शिकवल्याप्रमाणे याच्याबद्दल सांग म्हटल्यावर तो बोलू लागला. होडी, जाळं, बाप, म्हावरं, पोलिसांची बोट, सगळं. त्याची आई दारात उभी राहून ऐकत होती, तिनं डोळ्याला पदर लावला. विमलाही रडली. मैमुना म्हणाली, "चला, खिचडी निवतेय."

निदा तीन वर्षांची झाली तशी आईबरोबर अंगणवाडीत येऊ लागली. एकदा मैमुनानं सगळ्यांना आपल्या घरातली माणसं काढायला सांगितली. निदानं दादी काढली, बटाट्याला पदर. मग एक चौकोन काढला, त्यात दोन मोठे गोल, खाली दातांसारखी बटणांची रांग. मैमुनाला वाटलं, ट्रक. तिनं सवयीनं म्हटलं, "याच्याबद्दल सांग."

"हे अब्बा," निदा म्हणाली. "आता जागे हायेत."

विमलाला हसू आवरेना. हसता हसता तिनं मैमुनाकडे पाहिलं आणि तिचं हसू गेलं. मैमुना चित्र बघत होती. तिला कळलं होतं, चांगलंच कळलं होतं. पण कळणं आणि वाटणं यांत तिच्या मनात मोठं पाणी होतं. तिनं तो पुठ्ठा बाकीच्या चित्रांबरोबर दोरीला अडकवला आणि पुढच्या मुलाकडे गेली.

दोन हजार सालच्या फेब्रुवारीत नासिर आला. मुंबईहून हातखंब्याला उतरला, तिथून ट्रॅक्स जीपमध्ये दोन मोठी खोकी टाकून खाडीपर्यंत, पुढे होडीनं, दुपारी दारात. सासू ओक्साबोक्शी रडली. मैमुनानं पाणी आणून दिलं, उन्हाचे आलात, आधी अंघोळ करा म्हणाली. नासिर जाड झाला होता, कपाळावरचे केस मागे सरकले होते, डाव्या हातावर भाजल्याचा डाग होता. निदा दादीच्या मागे. सासूनं तिला पुढे ओढलं, "अब्बा आले गो!" पोरगी त्या माणसाला ओलांडून थेट माजघरात गेली आणि टेपावरचा रुमाल काढून बघू लागली.

सगळे हसले. नासिरही हसला. पहिल्या दिवशी हसायला काही वाटत नाही.

पण आठवडा झाला, दोन झाले, महिना झाला, निदा त्याच्याजवळ फिरकेना. बोलणारी बाहुली आणली होती, ती तिनं घेतली आणि देणाऱ्याकडे पाहिलं नाही. चॉकलेटं खाल्ली, पाठ करून. तो खोलीत आला की ती बाहेर. त्याचा आवाज ऐकला की गोंधळून टेपाकडे बघायची, आणि टेप तर बंद. भ्यायची मग. एकदा त्यानं लाडानं उचललं तर त्या डागाच्या हातालाच चावली. सासू म्हणाली, नजर लागली, ताईत बांधू. शेजारी चेष्टा करू लागले, अरे नासिर, पाहुणा म्हणून आलास की घरचा? नासिरला फार काही नको होतं. दोन महिन्यांची सुट्टी, पुढची कधी मिळेल देव जाणे, तोवर पोरगी शाळेत जायला लागलेली असेल. जायच्या आधी एकदा तिनं अब्बा म्हणून हाक मारावी, एवढीच त्याची इच्छा. तेवढी एक हाक घेऊन तो पुढची वर्षं काढायला तयार होता.

आणि मग त्यानं केला तो वेडेपणा. रागाच्या भरात टेप उचलला आणि कपाटात कुलपात घातला. त्याला वाटलं, तो नसेल तर आपल्याकडे येईल. येते कसली! पोरीनं घर शोधलं, माजघर शोधलं, विहिरीपर्यंत गेली. संध्याकाळी जेवली नाही. सकाळी अंथरूण ओलं. दुसऱ्या दिवशीही जेवली नाही, आणि दादीला विचारत राहिली, अब्बा मेले काय? अब्बा समोर ओटीवर बसलेले, जिवंत, आणि हे ऐकताहेत. सासूनंच कुलूप उघडायला लावून टेप जागेवर ठेवला.

त्या रात्री नासिर मैमुनाला म्हणाला, "मी कोण आहे या घरात?" तिलाही तो पाहुणाच वाटत होता. ताटात जास्तीची भाकरी वाढत होती, त्याच्या सदऱ्याला इस्त्री करत होती, आणि तो कधी जाणार याची तारीख तिला सुखाचीही नव्हती आणि दुःखाचीही. हे तिला कळत होतं आणि त्याची लाजही वाटत नव्हती. तिनं फक्त एवढंच म्हटलं, "उद्या अंगणवाडीत या. ते रंगाचे पेन आणलेत ना, ते घेऊन या."

आता बाप्या माणसानं अंगणवाडीत जाऊन बसायचं! मोहल्ल्यात हसं व्हायचं ते झालंच. पण नासिर आला. खिचडीच्या पातेल्याकडे तोंड करून विमला पदर सावरत बसली. मैमुनानं त्याच्यापुढे एक पुठ्ठा टाकला आणि सांगितलं, काहीही काढा, पोरीकडे बघू नका, बोलावू नका. स्वतः खिडकीजवळ जुनी कॅलेंडरं फाडत बसली. नासिर गुडघे कानाशी आल्यासारखा बसला. बराच वेळ पेनाचं टोपण काढत, लावत राहिला. मग त्यानं एक मोठा चौकोन काढला. त्यात कडेला खाटा, एकीवर एक, एकीवर एक.

तहा आला. तो सगळीकडे पहिला येणारच. "ही शिडी?" नासिरनं सांगितलं, शिडी नाही, आमच्या झोपायच्या खाटा, रेल्वेत असतात तशा. तहानं रेल्वे पाहिली नव्हती. मग नासिर रेल्वेबद्दल बोलला, मग वाळूबद्दल, मग तो काढत गेला आणि सांगत गेला. खालच्या खाटेवर शिंदे झोपतो, तो घोरतो. इथे पंखा. ही खिडकी, हिच्यातून काही दिसत नाही. पोरं गोळा झाली. निदा पाठ करून दुसऱ्या भिंतीशी रेघा ओढत होती, पण तिचा हात थांबला होता. आवाज ओळखीचा होता, आणि या वेळी त्यातून गोष्ट येत होती. ती बसल्या बसल्या सरकली. अजून सरकली. नासिरनं वरच्या खाटेवर एक माणूस काढला, बटाट्याला काड्या, आणि त्याच्या मांडीवर एक छोटा चौकोन, त्यात दोन गोल, खाली बटणं.

निदाचं बोट त्या चौकोनावर आलं. "हे अब्बा."

नासिरचा चेहरा उतरला. नाही गो, मी, मी, असं तो म्हणणारच होता, पण त्याआधी त्यानं मैमुनाकडे पाहिलं. मैमुना म्हणाली, "तिला त्याच्याबद्दल सांगा."

नासिरनं पेन त्या चौकोनावर टेकवला. मग म्हणाला, "हा माझा टेप. कामावरून आलो की मी लावतो. यात तू असतेस. तू सलाम करतेस, आणि मी इथं वर बसून ऐकतो. मग रुमाल टाकतो. तू झोपतेस."

निदानं पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. तोंड पाहिलं, मग चित्र, मग पुन्हा तोंड. त्याच्या हातातला पेन तिनं काढून घेतला, आणि त्या चौकोनात, दोन गोलांच्या मध्ये, एवढीशी पोरगी काढली. दोन वेण्या. तिच्या बाजूला दादी काढली, पदरासकट. कोंबडा काढला. नासिर म्हणाला, हो, कोंबडाही असतो. मग ती थांबली आणि तिनं विचारलं, "अम्मी कुठे?"

नासिरनं दुसऱ्या एका पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. निदानं पुन्हा विचारलं.

"अम्मी यात नसते," तो म्हणाला. "ती बोलत नाही."

त्यात तक्रार नव्हती. पोरीनं विचारलं, त्यानं जे होतं ते सांगितलं, जसं शिंदे घोरतो म्हणून सांगितलं होतं तसं. मैमुनाच्या हातातलं कॅलेंडर अर्धं फाटलेलं तसंच राहिलं. तो तिथं त्या वरच्या खाटेवर बसून कोंबड्यापर्यंत सगळ्यांचे आवाज ऐकत होता, त्यातून एक आवाज शोधत होता, आणि तो कधीच येत नव्हता, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिला वाटत होतं, बधिर आपण आहोत, त्यात दुसऱ्याचं काय जातं.

ती उठली, येऊन त्यांच्यात बसली. दोन वर्षं पोरांना रंग वाटले, स्वतः एक रेघ कधी ओढली नव्हती. निदानं पेन दिला, तो तिनं घेतला. त्या चौकोनात जागा फार उरली नव्हती. कडेला तिनं एक गोल काढला. दोन डोळे काढले. तोंड काढायला पेन टेकवला आणि हात तिथंच राहिला.

"त्याचे केस तुमच्यासारखे होते," ती म्हणाली. पुठ्ठ्याकडेच बघत होती. "कुरळे. जन्मताच एवढे दाट. मी तुम्हाला सांगितलंच नाही."

कुणाचे, असं नासिरनं विचारलं नाही. त्याचा डागाचा हात तिच्या हातावर आला. आणि मैमुनाला रडू आलं, मोठ्यानं, पोरांसमोर, विमलासमोर, गंमत बघायला दारात जमलेल्या बायकांसमोर. नासिरचेही डोळे वाहू लागले. ती थांबवायला गेली तर थांबेना, आणि मग तिनं थांबवायचं सोडून दिलं.

निदा घाबरली. तिनं आईकडे पाहिलं, विमलाकडे पाहिलं. मग बाजूच्या माणसाच्या सदऱ्याची बाही धरून जोरानं ओढली.

"अब्बा," ती म्हणाली, "अम्मी रडते."